शंकू, फूल आणि जबलपूरची जमीन



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा तुमच्यापैकी काहींना तो शाळेतला वाटला असेल. तो शाळेतलाच आहे. विज्ञानाच्या पुस्तकात दोन रकान्यांचा एक तक्ता असतो. डावीकडे अनावृतबीजी वनस्पती, म्हणजे सायकस, देवदार, चीड. उजवीकडे आवृतबीजी, म्हणजे आंबा, वाटाणा, गहू. डावीकडे शंकू, उजवीकडे फूल. डावीकडे बी उघडं, उजवीकडे फळात झाकलेलं. तक्ता बरोबर आहे. पण तो वाचून मुलांची अशी समजूत होते की हे दोन गट सृष्टीच्या आरंभापासून असेच शेजारी शेजारी उभे आहेत. तक्त्यात काळ नसतो. जबलपूरच्या जमिनीत मात्र तो आहे, थरांवर थर रचलेला. शंकूवाल्या झाडांचं राज्य, मग दोघांचं एकत्र नांदणं आणि मग फुलांची सरशी, असं सगळं इथून एका दिवसाच्या प्रवासात पाहता येतं. हे मी आज तुमच्यापुढे मांडणार आहे.

आधी झाडांपाशी जाऊ, दगडांकडे नंतर वळू.

आपल्या राइट टाउन, नेपियर टाउनच्या जुन्या बंगल्यांत, शाळांच्या आवारात, छावणीच्या रस्त्यांवर मोरपंखी लावलेली असते. चपट्या, उभ्या पंख्यांसारख्या फांद्यांचं हे झाड आपण कुंपणाच्या शोभेसाठी लावतो आणि विसरून जातो. चीनकडून आलेलं हे झाड शंकूवाल्यांपैकी आहे. थंडी सरता सरता एखाद्या सकाळी भिंग घेऊन त्याच्याजवळ जा. फांद्यांच्या टोकांना मोहरीएवढे पिवळट-तपकिरी ठिपके दिसतील. ते नर शंकू. फांदीला टिचकी मारली की त्यांतून पिवळी धूळ उडते. शेजारच्याच टोकांवर निळसर-हिरव्या, सहा-आठ जाडसर खवल्यांच्या इवल्याशा गाठी असतात. ते मादी शंकू. खवले त्या दिवसांत फाकलेले असतात आणि त्यांच्या बुडाशी सुरईच्या आकाराची बीजांडं उघडी बसलेली दिसतात. त्यांच्यावर कसलंही आवरण नसतं. प्रत्येक सुरईच्या तोंडावर पाण्याचा एक थेंब चमकत असतो.

हा थेंब दव नव्हे. बीजांडाने स्वतः तो बाहेर काढलेला असतो. वाऱ्यावर आलेला परागकण त्यात अडकतो, थेंब हळूहळू आत ओढला जातो आणि त्याच्याबरोबर परागकणही बीजांडाच्या आत पोचतो. शंकूवाल्या झाडाचं परागण म्हणजे एवढंच: वारा, एक थेंब आणि उघडं बीजांड. मध्ये कोणी नाही. परागण झालं की खवले फुगतात, एकमेकांना चिकटतात आणि दार लागतं. त्याच वर्षी पुढे तो शंकू सुकून तपकिरी होतो, खवले पुन्हा उघडतात आणि बिया खाली पडतात. म्हणजे झाकण इथेही आहे, पण ते परागणानंतर लागतं आणि बी पिकलं की उघडतं. परागकण येण्याच्या घटकेला बीजांड उघडं असतं. दोन गटांमधला मूळ भेद या घटकेत आहे.

हिमालयातल्या चिडाचं वेळापत्रक आणखी सावकाश. त्याच्या परागकणाला हवेच्या दोन पिशव्या असतात. वसंतात परागण होतं, परागकण बीजांडात पोचतो आणि तिथे जवळजवळ वर्षभर थांबतो. परागनलिका रेंगाळत वाढते. प्रत्यक्ष फलन पुढच्या वसंतात होतं आणि बी हाती यायला परागणापासून सुमारे दोन वर्षं जातात. चिडाच्या बियांना पातळ पापुद्र्याचा पंख असतो. तो ज्या खवल्यावर बी बसलेलं असतं त्याच खवल्याच्या पृष्ठभागापासून सुटलेला असतो. पुढे साल वृक्षाबद्दल बोलताना या पंखाची आठवण ठेवा.

थंडीत सुक्या मेव्याच्या दुकानातून आपण चिलगोजे आणतो. ते किन्नौरकडच्या एका चिडाचं बी. कवच फोडून आपण जो पांढरा, तेलकट गर खातो तो बहुतांशी काय असतो? तो गर्भ नव्हे. गर्भ त्याच्या मधोमध काडीसारखा असतो. भोवतीचा गर म्हणजे मादीच्या बाजूची ऊती. तिची वाढ फलनाआधीच होते. परागनलिका पोचेल की नाही याची शाश्वती नसताना झाड तिच्यावर खर्च करून बसलेलं असतं. लग्न ठरायच्या आधीच रुखवत मांडून ठेवावं, तसं हे आहे. नवरदेव आला नाही तर तो सगळा खर्च पाण्यात. शंकूवाल्या झाडांची ही मोठी खर्चिक बाजू.

आता फुलाकडे येऊ. फूल म्हटलं की गुलाब-मोगरा डोळ्यांपुढे येतो. मी तुम्हाला मोहाकडे नेतो, कारण मोह आपल्या मुलखाचा आहे आणि त्याच्या फुलात रचना अशी उलगडते की शिकवणाऱ्याला चित्र काढावं लागत नाही.

चैत्राच्या आसपास मोहाची पानं झडतात आणि फांद्यांच्या टोकांना तपकिरी, मखमली कळ्यांचे झुबके येतात. कळी उमलायच्या आधीच तिच्या टोकातून एक बारीक लांब दोरा बाहेर येतो. ती कुक्षी आणि तिचा दांडा. पराग ग्रहण करण्याचं तिचं काम पुंकेसरांच्या आधी सुरू होतं, म्हणजे स्वतःचेच पराग स्वतःवर पडण्याची शक्यता कमी. मग पहाटे फुलं गळू लागतात आणि झाडाखाली मलईच्या रंगाचा सडा पडतो. गोंड, बैगा बायका टोपल्या घेऊन उजाडायच्या आधी निघतात तो याच सड्यासाठी. त्यातलं एक फूल उचला. ते गोल, मांसल, गोड आहे आणि त्याच्या दोन्ही टोकांना भोक आहे. आतल्या भिंतीला पुंकेसरांची रांग चिकटलेली आहे. खाली पडलं ते पाकळ्यांचं नळकांडं आणि पुंकेसर. मधलं जायांग, म्हणजे अंडाशय आणि त्यावरचा दोरा, वर झाडावरच राहिलं. त्या बुडाच्या भोकात ते बसलेलं होतं. त्याच्या आत, भिंतीपलीकडे, बीजांडं आहेत. पुढे त्या अंडाशयाचं फळ होतं, फळात गुल्ली येते आणि गुल्लीचं तेल निघतं. झाडाला परागणासाठी जे लागलं ते त्याने टाकून दिलं, बीजासाठी जे लागणार आहे ते धरून ठेवलं.

शंकूत परागकण थेट बीजांडापर्यंत जातो. फुलात तो बीजांडापर्यंत जाऊच शकत नाही. तो कुक्षीवर थांबतो. तिथे तो ओळखला जातो. आपल्या जातीचा आहे का, फार जवळचा तर नाही ना, याची रासायनिक चौकशी कुक्षीवर आणि दांड्यात होते. मान्य झाला तर त्याची नलिका दांड्यातून अंडाशयात उतरते. म्हणजे भिंत फक्त रक्षणासाठी नाही, ती निवड करण्यासाठीही आहे. पुष्कळ पुस्तकं फळाच्या संरक्षणावर भर देतात. माझ्या मते कुक्षीवरची ही निवड त्याहून मोठी गोष्ट आहे.

आणि मग फुलाचं दुसरं वैशिष्ट्य. १८९८ साली कीव्हमध्ये सर्गेई नवाशिन या वनस्पतिशास्त्रज्ञाने लिलीच्या कुळातल्या फुलांत पाहिलं की परागनलिकेतून दोन नर केंद्रकं उतरतात आणि दोन्ही कामाला येतात. एक अंडपेशीशी मिळतं आणि गर्भ होतो. दुसरं मधल्या केंद्रकांशी मिळतं आणि त्यातून भ्रूणपोष तयार होतो, म्हणजे गर्भाचं अन्न. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये लेओं गिन्यार यांनीही हेच दाखवलं. याला दुहेरी फलन म्हणतात. याचा व्यवहारातला अर्थ असा की फुलवाली झाडं फलन झाल्यावरच अन्नावर खर्च करतात. रुखवत लग्नानंतर. नारळाचं पाणी आणि खोबरं हा भ्रूणपोष. गव्हाचं पीठ, तांदूळ, ज्वारी हाही बहुतांशी भ्रूणपोषच. माणसाची अर्धीअधिक भाकरी त्या दुसऱ्या नर केंद्रकाची देणगी आहे, असं मी मुलांना सांगत आलो.

जबलपूरचा वाटाणा देशभर जातो, म्हणून त्याचाही एक शब्द. शेंगेची साल ही अंडाशयाची भिंत, दाणे ही बीजं. शेंग उकलून पाहा, एका शिवणीला दाणे ओळीने लागलेले असतात आणि मधला एखादा न भरलेला दाणा टिकलीएवढा राहिलेला असतो. त्या बीजांडापर्यंत नलिका पोचली नाही आणि झाडाने त्याच्यावर काही घालवलं नाही. दुहेरी फलनाचा हिशेब इतका उघड दुसरीकडे क्वचितच दिसतो. वाटाण्यात भ्रूणपोष वाढता गर्भ आधीच संपवतो, म्हणून पिकलेल्या दाण्यात आपल्याला गर्भाच्या दोन जाड डाळीच सापडतात.

आता तक्त्यातल्या एका ओळीला मला विरोध नोंदवायचा आहे. शंकूवाल्यांचं परागण वाऱ्याने, फुलवाल्यांचं कीटकांनी, असं मुलं पाठ करतात. मंडला, कान्हा, अमरकंटकाकडची सालाची जंगलं पाहा. सालाला फुलं लागतात, झाडभर लागतात आणि त्यांच्या परागणात वाऱ्याचा मोठा वाटा आहे. गवतं, म्हणजे आपला गहू, ज्वारी, बांबू, सगळी फुलवाली आणि पराग वाऱ्यावर सोडणारी. उलट सायकसच्या गोतावळ्यात भुंग्यांसारखे कीटक शंकूंत शिरून पराग नेतात. सायकसची तर आणखी एक गोष्ट. १८९६ साली जपानमध्ये हिरासे यांनी गिंको झाडात आणि त्याच वर्षी इकेनो यांनी सायकसमध्ये पोहणारे शुक्राणू पाहिले. बी धरणाऱ्या झाडात पोहणारे शुक्राणू! नेचे आणि शेवाळ्यांच्या काळातली ती रीत या झाडांनी बीजांडाच्या आतल्या थेंबभर पाण्यात जपून ठेवली आहे. दारापुढच्या कुंडीतल्या सायकसला मी म्हणूनच आदराने पाहतो.

साल आणि चीड यांची तुलना तर फार शिकवणारी आहे. दोघांची बीजं गिरक्या घेत पडतात. चिडाचा पंख शंकूच्या खवल्याचा तुकडा. सालाचे पाच पंख म्हणजे फुलाचीच पाच निदलं, फलनानंतर वाढून लांब झालेली, तीन मोठी आणि दोन आखूड. काम एक, अवयव निराळे. आणि वेग पाहा. साल साधारण मार्चमध्ये फुलतो, जूनमध्ये पहिल्या पावसाच्या तोंडावर बी पडतं आणि आठवड्याभरात रुजलं नाही तर मरतं. फुलापासून रोपापर्यंत तीन-साडेतीन महिने. चीड एवढ्या वेळात फलनापर्यंतसुद्धा पोचलेला नसतो.

आता दगडांकडे.

या शहराला पृथ्वीच्या इतिहासात जी जागा आहे ती आपल्या गढा-मंडल्याच्या गोंड राज्याच्या नावाने आहे. १८७२ मध्ये भारतीय भूगर्भ सर्वेक्षणाचे मेडलीकॉट यांनी इकडच्या खडकांच्या मालिकेला गोंडवन हे नाव दिलं आणि १८८५ मध्ये व्हिएन्नाचे झ्यूस यांनी ते दक्षिणेकडच्या प्राचीन महाखंडालाच लावलं. त्या मालिकेच्या खालच्या थरांत कोळसा आहे. पेंच, उमरेड, वणी, चंद्रपूर, उमरिया इथला कोळसा ज्या झाडांपासून झाला त्यांत ग्लॉसोप्टेरिस हे प्रमुख. जिभेसारख्या पानाचं, उघड्या बीचं, फुलाचा मागमूस नसलेलं झाड. नागपूरला कोराडीत जी वीज होते, तिच्यामागे सुमारे पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीची बिनफुलाची अरण्यं आहेत.

वरच्या थरांतल्या एका संचाला जबलपूरचंच नाव आहे. छोटा शिमला, बडा शिमला आणि त्यांच्या आसपासच्या टेकड्यांत जी पांढरी, मऊ माती निघते आणि जिच्यावर इथले चिनी मातीचे आणि कौलांचे कारखाने चालले, ती याच थरांतली. १८७७ मध्ये ओटोकार फाइस्टमांटेल यांनी शोण-नर्मदा खोऱ्यातल्या या थरांमधल्या पानांच्या ठशांवर सविस्तर ग्रंथ लिहिला. त्यांना हे थर जुरासिक वाटले. आता ते क्रिटेशसच्या पूर्वार्धातले मानले जातात, म्हणजे दहा कोटी वर्षांहून जुने. त्यांत सापडतं काय? टिलोफिलम नावाची सायकससारखी पिसांची पानं, खवल्यांसारख्या पानांच्या डहाळ्या आणि अ‍ॅरोकॅरियाच्या कुळातल्या शंकूंचे सुटे खवले. पाचरीच्या आकाराचा खवला आणि त्यावर मधोमध एकच बी. जबलपूर तेव्हा उघड्या बीच्या झाडांचं गाव होतं.

श्रोत्यांपैकी अनेकांच्या दिवाणखान्यात कुंडीतलं एक झाड असेल. सरळ खोड, मजले मजले केल्यासारख्या आडव्या फांद्या. रोपवाटिकेत त्याला ख्रिसमस ट्री म्हणतात, कुणी अ‍ॅरोकेरिया म्हणतात. ते दक्षिण प्रशांत महासागरातल्या बेटांवरून जगभर गेलं. त्याच्या शंकूच्या खवल्यावरही एकच बी असतं. हे कूळ जबलपुरात दहा कोटी वर्षांपूर्वी नांदत होतं. भारताच्या भूमीतून ते नाहीसं झालं, दक्षिण अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियाच्या बाजूला टिकलं आणि रोपवाटिकांच्या मार्गाने पुन्हा इथे आलं. त्याला परकं झाड म्हणताना माझी जीभ अडखळते.

पांढऱ्या मातीच्या वर लमेटा घाटाच्या नावाचे चुनखडीचे थर. इथे १८२८ मध्ये स्लीमन यांना बडा शिमल्याजवळ प्रचंड हाडं सापडली. ठगांचा बंदोबस्त करणारे तेच स्लीमन. पुढे १८७७ मध्ये लायडेकर यांनी त्या प्राण्याला टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव दिलं. भारतातली डायनोसॉरची ही पहिली नोंद, आणि ती जबलपूरची. पण वनस्पतींच्या अभ्यासकाला हाडांपेक्षा त्या प्राण्यांच्या पोटात काय गेलं याचं कुतूहल असतं. त्याचं उत्तर आपल्याला चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या पिसदुरा गावाने दिलं. तिथल्या लमेटा थरांत या शाकाहारी प्राण्यांचं शेण दगड होऊन पडलेलं आहे. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलिमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी ते तपासून २००५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. गवतांच्या पानांत वाळूचे सूक्ष्म कण तयार होतात, त्यांचे आकार गवतागणिक वेगळे असतात आणि ते कुजत नाहीत. पिसदुऱ्याच्या शेणात निदान पाच प्रकारच्या गवतांचे असे कण निघाले. तोवर समज होता की गवत डायनोसॉरनंतर आलं. त्याच शेणात ताडकुळाचे आणि शंकूवाल्या झाडांचेही अवशेष होते. एकाच जनावराच्या जेवणात शंकूवालं झाडही होतं आणि फुलवालं गवतही. संक्रमणाचा याहून थेट पुरावा मला माहीत नाही.

त्यानंतर लाव्हाचा काळ, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. दख्खनचा सगळा कातळ तेव्हाचा. लाव्हाचे लोट सलग आले नाहीत. दोन लोटांमध्ये हजारो वर्षांची उसंत असे, त्यात तळी साचत, झाडी वाढे आणि पुढच्या लोटाखाली ती गाडली जाई. पाण्यात विरघळलेली गारगोटी लाकडात, फळांत, फुलांत शिरली आणि पेशी न पेशी दगड होऊन राहिली. छिंदवाड्याकडच्या सौंसर भागात, जिथे घराघरांत मराठी बोलली जाते, मोहगाव कलाँ नावाचं गाव आहे. तिथल्या शेतांत असे चकमकीचे धोंडे पडलेले असतात. नागपूरच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या वि. भा. शुक्ल यांनी ते कापले, घासून कागदाहून पातळ केले आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले.

त्यात एक फूल होतं. निदलं, पुंकेसर, कप्प्याकप्प्यांचं अंडाशय, कप्प्यांत बीजांडं, सगळं जागच्या जागी. शुक्ल यांनी १९४४ मध्ये त्याला साहनीअँथस हे नाव दिलं, जीवाश्म वनस्पतींचे अभ्यासक बीरबल साहनी यांच्या गौरवार्थ. त्याच गावातल्या एका दगडी फळाचं वर्णन साहनींनी आदल्याच वर्षी, १९४३ मध्ये, एनिग्मोकार्पन या नावाने केलं होतं. शुक्ल यांनी फुलाचं अंडाशय आणि ते फळ यांची रचना जुळवून दाखवली आणि दोन्ही एकाच झाडाची असल्याचं मांडलं. मला हे काम फार मोठं वाटतं. जगात जीवाश्म पानं पुष्कळ, जीवाश्म फुलं थोडी. आणि अंडाशयाचं फळ होताना दाखवणारी अशी जोडी तर फारच थोडी. ते झाड मेंदीच्या कुळाजवळचं असावं, असं साहनींना वाटलं. आपली धायटी आणि महाराष्ट्राचं राज्यफूल असलेली तामण त्याच कुळातली.

पण मोहगावात एवढंच नाही. तिथेच शंकूही दगड होऊन सापडले. १९६२ मध्ये प्रकाश यांनी त्यातल्या एकाला गावाच्या नावावरून मोहगावस्ट्रोबस असं नाव दिलं. त्याआधी १९३१ मध्ये साहनींनी नागपूरच्या टाकळीतल्या शंकूला टाकळीऑस्ट्रोबस म्हटलं होतं. टाकळीचे जीवाश्म गोळा करणारे पहिले लोक म्हणजे १८५० च्या दशकातले नागपूरचे मिशनरी हिस्लॉप आणि हंटर. तात्पर्य, लाव्हाच्या काळातही मध्य भारतातल्या तळ्यांकाठी फुलं फुलत होती आणि शंकूही पिकत होते. तक्त्यातल्या दोन रकान्यांमधली रेघ इथे पुसट होते. साहनी हे दगड पाहून दख्खनचा लाव्हा तृतीयक कल्पातला, म्हणजे डायनोसॉरनंतरचा, असं म्हणत. १९४० च्या मद्रास सायन्स काँग्रेसचं त्यांचं अध्यक्षीय भाषणच या विषयावर होतं. आता कालमापनाने तो लाव्हा डायनोसॉर संपले त्या वेळेच्या दोन्ही बाजूंना पसरलेला ठरतो. वनस्पतींवरून काढलेला त्यांचा काळ थोडा सरकला, वनस्पतींचं वाचन मात्र टिकलं.

आपल्या घरापासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर, निवास-शहपुऱ्याच्या रस्त्याला, दिंडोरी जिल्ह्यात घुघवा आहे. सत्तरच्या दशकात मंडला जिल्ह्याचे सांख्यिकी अधिकारी डॉ. धर्मेंद्र प्रसाद यांनी तिथल्या दगडी खोडांकडे लक्ष वेधलं. ते जिल्ह्याच्या पुरातत्त्व संघाचे मानद सचिव होते. वनस्पतिशास्त्र त्यांचा पेशा नव्हता. ओळख पटवण्याचं काम आपल्या जबलपूर सायन्स कॉलेजचे डॉ. एस. आर. इंगळे आणि लखनौच्या बीरबल साहनी संस्थेचे डॉ. एम. बी. बांडे यांनी केलं. १९८३ मध्ये त्या जागेला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला.

घुघव्याला गेलात तर खोडाच्या कापलेल्या तोंडाकडे भिंगातून पाहा. फुलवाल्या झाडाच्या लाकडात पाणी वाहून नेणाऱ्या रुंद नळ्या असतात, त्या आडव्या कापात गोल छिद्रं होऊन दिसतात. सागाची ताजी फळी घेतलीत तरी अशीच छिद्रं दिसतील. चीड-देवदाराच्या फळीत ती नसतात, नुसत्या बारीक, एकसारख्या पेशींच्या रांगा असतात. सुताराचा हात हे न शिकता ओळखतो. ताडकुळातलं खोड असेल तर वर्तुळं नाहीत, सगळीकडे विखुरलेले ठिपके. घुघव्याच्या ओळखल्या गेलेल्या लाकडांत छिद्रांची आणि ठिपक्यांचीच चलती आहे. ताड, जांभूळ-निलगिरीच्या कुळातली झाडं, आज पश्चिम घाटात किंवा त्याहूनही ओल्या मुलखात शोभावीत अशी कितीतरी. पांढऱ्या मातीतल्या ठशांशी हे ताडून पाहिलं की मधल्या काही कोटी वर्षांत काय घडलं ते कळतं.

असं का झालं, हा प्रश्न डार्विनलाही छळत होता. १८७९ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ हूकरला लिहिलेल्या पत्रात त्याने फुलवाल्या झाडांच्या झपाट्याने झालेल्या प्रसाराला एक घृणास्पद कोडंच म्हटलं होतं. एकच कारण सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. लाकडातल्या त्या रुंद नळ्या, पानांतल्या शिरांचं दाट जाळं, महिन्यांत पुरं होणारं बीजचक्र, कुक्षीवरची निवड, फलनानंतरच अन्नावर खर्च, परागासाठी कीटक आणि बियांसाठी पक्षी-प्राणी, हे सगळं एकत्र आलं. शिवाय भारत स्वतः दक्षिणेकडून विषुववृत्ताकडे सरकत होता. उष्ण, ओल्या हवेत वेगाने वाढणाऱ्याचं पारडं जड झालं. आज दक्षिण भारतात मूळचं शंकूवाल्यांपैकी एकच झाड उरलं आहे, नागेया, आणि तेही पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाकडे. हिमालयातले चीड उत्तरेच्या कुळातले आहेत, जबलपूरच्या शंकूवाल्यांचे वारस नव्हेत.

पण याला हार म्हणू नये. जगात फुलवाल्यांच्या सुमारे तीन लाख जाती आणि उघड्या बीच्या जेमतेम एक हजार, हे खरं. तरी सैबेरियापासून कॅनडापर्यंतचा अफाट अरण्यपट्टा शंकूवाल्यांचाच आहे. जिथे उन्हाळा दोन-तीन महिन्यांचा आणि जमीन गोठलेली, तिथे सावकाश वाढणं, पानं न गाळणं आणि बारीक नळ्यांतून पाणी नेणं हेच परवडतं. रुंद नळीत पाणी गोठलं की बुडबुडा होतो आणि ती निकामी होते. बारीक नळीत हा धोका फार कमी. ज्या गुणाने त्यांना जबलपूर सोडावं लागलं, त्याच गुणाने त्यांनी उत्तर धरून ठेवली.

शेवटी एक मागणी आहे आणि ती मी मनापासून करतो आहे. बडा शिमल्याभोवती शहर वाढत चाललं आहे. मोहगावचे धोंडे शेतांच्या बांधांवर आहेत. घुघव्याला राष्ट्रीय उद्यानाचं कुंपण आहे, बाकीच्यांना नाही. जबलपुरात एक खोली हवी. फार मोठी नको. तिच्यात पांढऱ्या मातीतला अ‍ॅरोकॅरियाचा खवला, पिसदुऱ्याचा गोळा, मोहगावच्या फुलाचा पातळ काप भिंगाखाली आणि घुघव्याचं एक घासलेलं खोड असावं. शेजारी आजचा चिलगोजा, सालाचं पंखवालं फळ आणि मोहाचं फूल. पाट्या हिंदी, मराठी आणि गोंडीत. इथल्या महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांनी, वनसंशोधन संस्थांनी आणि आपल्यासारख्या मंडळांनी मिळून मनावर घेतलं तर ती एका वर्षात उभी करता येईल. नमुन्यांची यादी आणि पाट्यांचा मजकूर मी तयार करून आणला आहे. व्याख्यान संपल्यावर दोन्ही संयोजकांकडे देतो.